आर्द्रेवरून आपलं भांडण

वन्सं,

तुमचं तेरावं आटोपलं, पाहुणे आपापल्या गावी गेले, आणि हे घर मला एकदम नको इतकं मोठं वाटायला लागलं. जाताना ह्यांच्या ब्रह्मपुरीच्या मावशी दारातच कुजबुजल्या, "नंदेसाठी इतकी रडणारी भावजय मी पहिल्यांदाच पाह्यली बाई." ऐकून मला रडता रडता हसू आलं. त्यांना वाटलं, आपलं फार गूळपीठ होतं. आपलं कुठलं गूळपीठ? एका म्यानात दोन तलवारी होत्या. चांद्याच्या या घरात आपण इतकी वर्षं भांडत आलो. फक्त वरणातल्या मिठावरून नाही, की सणाच्या लुगड्यावरून नाही. आपण आर्द्रेच्या उजेडावरून भांडलो, हे मावशींना सांगून कसं कळणार होतं?

लग्न होऊन मी या घरात आले त्या हिवाळ्यातली गोष्ट तुम्हाला आठवत असेल. दिवेलागण झाली होती. मी चुलीशी होते. तुम्ही माडीवरच्या गच्चीतून हाक मारलीत, "यमे, वर ये बरं जराशी." मला वाटलं, वाळवण राहिलं असेल. वर आले तर तुम्ही आकाशाकडे बोट दाखवून विचारलंत, "तो लाल तारा दिसते का? आन् त्याच्याखाली तो पांढरा? कोनता जास्त उजेडाचा?"

नव्या नवरीची परीक्षा पाहतात ते मला माहीत होतं. सुईत दोरा ओवायला लावतात, भाकरी थापायला लावतात. ही परीक्षा मी कधी ऐकली नव्हती. मी घाबरत म्हटलं, "पांढरा."

"किती जास्त?"

"किती म्हंजे?"

"मंग तेच तं शिकाचं आहे," तुम्ही म्हणालात आणि मला चटईवर बसवून घेतलंत.

वन्सं, आज सांगते. माहेरी मला कोणी मत विचारत नसे आणि सासरी विचारतील अशी माझी आशाही नव्हती. या घरात मला पहिलं मत विचारलं गेलं ते आर्द्रेबद्दल. खाली भात करपला आणि त्याबद्दल मी बोलणी खाल्ली, ती ह्यांच्याकडून. तुम्ही मात्र म्हणालात, "भात उद्या भी होते."

तुम्ही मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत होता आणि दक्षिणेतल्या एका डोंगरावरच्या वेधशाळेला आर्द्रेचा उजेड मोजून कळवत होता. हे सारं कशासाठी, हे मी बरेच दिवस विचारलं नाही. विचारलं तेव्हा तुम्ही ओट्यावर बसून तूर पाखडत होता. तिथल्या लोकांनी म्हणे फोटो काढायच्या नवीन तऱ्हेच्या काचेच्या प्लेटा आणल्या होत्या. आपल्या डोळ्याला तांबड्यापर्यंतचा उजेड दिसतो. त्याच्याही पलीकडे उजेड असतो, त्याला अवरक्त म्हणतात, आणि तो या प्लेटांना दिसतो. त्या प्लेटांवर ते आकाशाचा एकेक तुकडा उतरवून घेत होते. पण प्लेटेवर उमटतो तो नुसता काळा ठिपका. ठिपक्यावरून उजेड किती, हे कळायला आधी कुठल्यातरी ताऱ्याचा उजेड पक्का ठाऊक पाहिजे. लाल ताऱ्यांत आर्द्रेसारखा ठळक तारा नाही, पण ती एका जागी ठरत नाही. कधी फुलते, कधी उतरते. म्हणून तिच्यावर कोणीतरी सतत नजर ठेवायची.

"तराजू त्याइच्यापाशी आहे," तुम्ही सूप आपटत म्हणालात. "वजनं आपन ठरवून राह्यलो."

मला ते फार आवडलं. चांद्यात बसून आकाशाची वजनं ठरवायची, म्हणजे काय थोडं झालं?

तुमची शिस्त मात्र जाच होती. आर्द्रेला सारख्या उंचीवरच्या ताऱ्यांशी ताडायचं. राजन्य म्हणजे तो खालचा पांढरा, तो तिच्याहून उजळ, रोहिणी तिच्यासारखीच तांबूस पण मंद, या दोघांच्या मधल्या शिडीवर आर्द्रा कोणत्या पायरीवर बसली ते सांगायचं. लाल ताऱ्याकडे टक लावायची नाही, कारण लाल उजेड पाहत राहिलं की डोळ्यात साचतो आणि तारा फुगतो. ओझरतं पाहायचं, नजर काढायची, पुन्हा पाहायचं. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे एकमेकींना विचारायचं नाही. आपण पाठीला पाठ लावून बसत होतो, दोघींच्या मांडीवर एकेक पाटी. आकडा लिहून झाला की मगच पाट्या समोरासमोर धरायच्या. शेजारच्या गच्चीवरून लोक पाहत आणि म्हणत, नणंद-भावजयीचा अबोला आहे वाटतं.

आणि पाट्या कधी जुळल्याच नाहीत. माझी आर्द्रा नेहमी तुमच्यापेक्षा एक पायरी खाली. आधी तुम्हाला वाटलं, मी अंदाजपंचे लिहिते. मग एक दिवस तुम्ही घासलेटच्या डब्याचा पत्रा कापलात, त्यात खिळ्याने मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीने छिद्रं पाडलीत, आणि खाली एका वेगळ्या छिद्रावर स्टेशनातल्या फुटक्या कंदिलाची लाल काच बसवलीत. तो पत्रा कंदिलापुढे बांधून ह्यांना गावाच्या परकोटाच्या बुरुजावर पाठवलंत आणि आपण दोघी गच्चीवरून पाहायला लागलो. लाल छिद्र वरच्या कोणत्या साध्या छिद्राएवढं उजळ दिसतं, एवढाच प्रश्न. वात थोडी कमीजास्त झाली तरी फिकीर नव्हती, कारण सगळी छिद्रं सोबतच कमीजास्त होत होती. तुम्हाला ते दुसऱ्या छिद्राएवढं दिसलं. मला तिसऱ्या. ह्यांनी पत्रा उलटा धरला, सुलटा धरला. तुमचं दुसरंच, माझं तिसरंच.

"म्हंजे तू खोटी नाई," तुम्ही म्हणालात. "आन् मी भी नाई. डोये येगये आहेत."

मी म्हटलं, "मंग मधला आकडा काढून पाठवू ना. दोघींचं समाधान."

काय चिडलात तुम्ही! "दोघींचं समाधान कराले तो काय हळदीकुंकवाचा तारा आहे? माह्या डोयाचं माह्या नावानं, तुह्या डोयाचं तुह्या नावानं. मधातला आकडा कोनाच्याच डोयाचा नसते."

त्यावर मी दोन दिवस तुमच्याशी धड बोलले नाही. तुम्ही बरोबर होता, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, पण भावजय म्हणून माझाही काही मान होता.

मग तो चैत आला, ज्यात आपण दोघी जगप्रसिद्ध होणार होतो. आधीच्या चैतातही आर्द्रा चढली होती आणि या चैतात पुन्हा चढली. राजन्याच्या मानाने ती रोज थोडी उजळ दिसत होती, तुमच्या पाटीवर आणि माझ्याही. रोहिणीशी ताडलं तर मात्र ती जागची हलत नव्हती. तुम्ही म्हणालात, रोहिणीही सोबत वाढत असेल. तुमच्या चेहऱ्यावर तेव्हा जे तेज होतं ते मी कधी विसरणार नाही. दरवर्षी चैतात फुलणारा तारा! तुम्ही वेधशाळेला लगोलग कळवलंत. शाळेत मुलींनाही सांगितलंत.

एक तेवढे हे आडवे आले. ह्यांच्या जंगलखात्याच्या कचेरीत त्याच अवरक्त प्लेटांची एक पेटी होती. धुक्याधुरातून लांबचे डोंगर टिपायला मागवलेली. त्या प्लेटांवर डोंगर हाताजवळ आल्यासारखे दिसत आणि सागाची पानं पांढरीफटक उमटत. त्यातल्या उरल्यासुरल्या प्लेटांवर ह्यांनी साहेबांना विचारून आपल्या गच्चीवरून आर्द्रा उतरवली होती. एकदा मार्गशीर्षात, एकदा चैतात. आणि प्लेटेवर आर्द्रा वाढलेली नव्हती. जशीच्या तशी होती.

"बापू, तुह्या प्लेटा शिजल्या उन्हानं," तुम्ही म्हणालात.

"रांजनाच्या बुडाशी थंड ठेवल्या होत्या. शिजतीन कशा?" हे म्हणाले. "तुमचेच डोये शिजले असतीन."

बहीणभावाचं असं जुंपलं की मला मध्ये पडून दोघांना पन्हं द्यावं लागलं.

त्याच आठवड्यात आपण माझ्या माहेरी गेलो, आरमोरीच्या पलीकडे. आईला बरं नव्हतं आणि तुम्हाला शाळेला सुटी होती. संध्याकाळी आपण गावाबाहेर पडलो तर मोहाखालचा पालापाचोळा पेटवलेला. झाडामागून झाड, जिथवर नजर जाईल तिथवर खाली एक तांबडी रेघ सरकत होती आणि वर धूर. माझी चुलती राखेवरून झाडू फिरवत होती. तुम्ही तिला विचारलंत, हे कायले जाळता?

"पहाटं फूल पडते ना बाई," ती म्हणाली. "कचऱ्यात पडलं तं दिसते काय? जागा साफ असली का येचाले बरं."

तुम्ही पश्चिमेकडे पाहिलंत. सूर्य बुडत होता. धुरातून तो लालबुंद दिसत होता आणि इतका मऊ झाला होता की खुशाल डोळे भरून पाहावा. तुम्ही तिथेच एका मुळीवर बसलात. मला वाटलं, चक्कर आली.

"यमे," तुम्ही म्हणालात, "हा धूर पांढरा उजेड खाऊन राह्यला. लाल तेवढा सोडून राह्यला. आर्द्रा नाई चढत. राजन्य उतरून राह्यला."

मी त्या धुरात लहानाची मोठी झाले. दर चैतात माझे डोळे त्याने चुरचुरले, माझ्या परकराला त्याचा वास लागला, आणि दोन वर्षं त्याच धुरातून तारे पाहताना मला तो दिसला नाही. तुम्हालाही दिसला नाही. जंगलखात्याच्या माणसाच्या घरात राहून आपण दोघींनी मोहाचा धूर आकाशाला चिकटवला! माझ्या मनात आलं, आता ही गोष्ट आपण तिघांतच ठेवू. पुढच्या चैतात हळूच आकडे सुधारू. तारा थोडाच तक्रार करणार आहे?

तुम्ही चांद्याला परतलात त्याच दिवशी वेधशाळेला कळवलंत की आमचा तारा वाढत नाही, आमच्या सगळ्या भागात चैतात मोहाखालचा पाला जळतो, त्याचा धूर आभाळभर असतो. चैताचे आमचे आकडे राजन्याशी ताडलेले असतील तर धरू नका. आणि शाळेत जाऊन मुलींनाही तेच सांगितलंत. त्या हसल्या का, असं मी विचारलं तर म्हणालात, "हसल्या ना. मी भी हसली. मंग धूर समजावून सांगतला." रात्री जेवताना मात्र तुम्ही दुसरी भाकरी घेतली नाही. तुम्हाला वाईट वाटलं होतं, वन्सं. फार वाईट वाटलं होतं. ते तुम्ही लपवलं नाही आणि त्याचं कौतुकही करून घेतलं नाही. मी तुमच्याकडून काय शिकले असं कोणी विचारलं, तर मी ती न घेतलेली भाकरी सांगेन.

पुढे सगळं सुरळीत चाललं. आपला प्रांत बदलला, मध्य प्रदेशातून आपण मुंबई राज्यात गेलो, ह्यांचे साहेब बदलले. तुमच्या-माझ्या पाट्यांमधली एक पायरी तेवढी बदलली नाही. वेधशाळेला ती माहीत होती. त्यांनी तिचा हिशेब धरला होता. तुमचा डोळा आणि माझा डोळा, दोन्हींची तिथे ओळख होती.

मग गेल्या वर्षी ती पायरी वाढायला लागली. आधी दीड, मग दोन, दिवाळीपासून दोनाच्याही वर. तुमची आर्द्रा वर चालली होती, माझी जागीच होती. मोहाचे दिवस नव्हते, धूर नव्हता. मी म्हटलं, "वन्सं, तुमच्या डोयात काहीतरी होऊन राह्यलं."

"माह्या? तुह्या डोयात होऊन राह्यलं."

"तुम्ही शायेची भिंत पिवळी म्हनता. कालच चुना मारला तिले."

"चुन्यात गवंड्यानं माती कालवली, त्याले मी काय करू?"

तुम्ही डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायला तयार नव्हता आणि मीही नव्हते. दोघींनाही आपापल्या डोळ्यांची खात्री होती. शेवटी ठरलं की संक्रांत आली, आभाळ निवळलं की पुन्हा पत्रा काढायचा, पुन्हा बुरुजावर कंदील, आणि होऊन जाऊ दे. "हारली का तीयगूय तूच कराचा," तुम्ही म्हणालात. मी म्हटलं, "तुम्हीच कराल." संक्रांतीला तुम्हाला ताप भरला. तो हटला नाही. माघात तुम्ही गेलात आणि आपलं भांडण तसंच राहिलं.

तुम्हाला घेऊन गेल्यावर मी गच्चीवर गेलेच नाही. कपडेसुद्धा खाली वाळत घातले. पण वेधशाळेने विचारणा केली. तुमच्या जाण्याचं दुःख कळवलं आणि मग अदबीनं विचारलं, की गेल्या वर्षभराचे दोघींचे आकडे एकमेकांपासून लांब का जात आहेत? कोणते धरावेत?

हे म्हणाले, "मधला आकडा दे पाठवून. आता कोन पाहाले येते?"

मी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते पानसुपारी घेऊन बाहेर गेले.

पण झोप माझी उडाली. पत्रा अजून माडीत होता. माझा डोळा अजून माझ्यापाशी होता. मी पुन्हा लाल छिद्र पाहिलं आणि ते तिसऱ्यावरून चौथ्यावर गेलं असेल, तर माझी नजर गेली. तुमचं शेवटचं वर्ष सोन्यासारखं खरं. ते अजून तिसऱ्यावरच असेल, तर तुमची नजर गेली होती आणि तुमच्या हातचं शेवटचं वर्षभराचं काम बाजूला काढून ठेवावं लागणार. तुमचा डोळा या जगात एकाच डोळ्याशी ताडलेला होता, तो माझ्या. मी नाही पाहिलं तर दुसरं कोणी सांगू शकणार नव्हतं. वन्सं, या घरात आल्यापासून तुमच्याशी हरावं असं मला पहिल्यांदा वाटलं. देवापुढे दिवा लावताना मी तेच मागितलं, की माझी दृष्टी अधू झालेली निघू दे.

परवा दिवेलागणीला ह्यांना बुरुजावर पाठवलं. मी गच्चीवर चटई टाकली. सवयीने पाठ मागे टेकायला गेले आणि पडता पडता सावरले.

ओझरतं पाहिलं. तिसरं. नजर काढली, पुन्हा पाहिलं. तिसरं. मी ओरडून पत्रा उलटा धरायला सांगितलं. तिसरंच. मला राग आला. मग मी ते केलं जे तुम्ही मला पहिल्या दिवशी करू नको म्हणून बजावलं होतं. लाल छिद्राकडे टक लावली. ते साचत गेलं, फुगत गेलं, आणि पाहता पाहता त्याने तिसऱ्याला मागे टाकलं, दुसऱ्याला गाठलं. तुमचं दुसरं! इतकी वर्षं तुम्हाला जे दिसत होतं ते त्या घडीला मला दिसत होतं. मांडीवर पाटी होती. दिसतं तसं दुसरं लिहिलं असतं काय, खोटंच चौथं लिहिलं असतं काय, माझाच डोळा बिघडला म्हणून सांगायला मी मोकळी होते. तुमचं वर्ष वाचलं असतं. गच्चीवर माझ्याशिवाय कोणी नव्हतं.

मी डोळे मिटले, लाल विझेपर्यंत मिटून ठेवले, आणि पाटीवर तिसरं लिहिलं.

हे कंदील घेऊन जिना चढून आले. "काय निघालं?"

"माहं बरोबर होतं. ताईचे डोये गेले होते."

"म्हंजे तू जिकली," हे म्हणाले. मग कंदील वर धरून माझ्याकडे पाहत राहिले. "मंग रडून काऊन राह्यली?"

काल मी वेधशाळेला कळवलं. गेल्या वर्षीचे तुमचे आकडे तुमच्या नावाने आणि माझे माझ्या नावाने जसेच्या तसे पाठवले आणि खाली लिहिलं, की दिवाळीआधीपासून वन्संची नजर बदलली होती असं मी कंदिलावर ताडून पाहिलं आहे. त्या वर्षाचे त्यांचे आकडे धरू नयेत. त्याआधीचे सगळे डोळे मिटून धरावेत. हे तुम्हाला अजिबात पटलेलं नाही, हे मला ठाऊक आहे. एका पत्र्यावर, एका संध्याकाळी, एकटीने पाहून असा निकाल देतात का, असं तुम्ही विचारलं असतं. मग मी गवंड्याचा चुना काढला असता, मग तुम्ही माझा करपलेला भात काढला असता.

मी जिंकले, वन्सं. आता माझी चूक दाखवायला कोणी नाही. पटत नसेल तर या ना भांडायला.